आजीचं कोण करतं?



आपल्याकडे जिन्यात दोन शेजारणी भेटल्या, किंवा लग्नात लांबची मावशी समोर आली, की एक प्रश्न हमखास येतो, "आजीचं कोण करतं हो आता?" काय करतं ते कोणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. आंघोळ घालणं, औषधं देणं, घास भरवणं, रात्री उठून दाराची कडी बघून येणं, आणि एकच प्रश्न विसाव्यांदा आला तरी पहिल्यांदाच आल्यासारखं उत्तर देणं. इंग्रजीत यासाठी 'केअरगिव्हर' असा भारदस्त शब्द आहे. सरकारी मराठीत 'काळजीवाहक' म्हणतात (मला तो कुरिअर कंपनीतला हुद्दा वाटतो). आपण बोलताना मात्र नुसतं 'करणं' म्हणतो. आणि हे जे कोणी करतं ती बहुतेक घरांत 'करणारी'च असते, 'करणारा' क्वचित.

मागच्या महिन्यात आमच्या हापिसात हॅकेथॉन झाली. एका टीमने डिमेन्शियाच्या घरांसाठी ॲप मांडलं. कॅमेरा, लोकेशन, औषधांची आठवण आणि वर एक चॅटबॉट. पोरं हुशार होती, डेमो झकास चालला. पण पहिल्याच स्लाईडवर मोठ्या अक्षरात 'पहिल्यांदाच!' असं लिहिलं होतं आणि त्या उद्गारचिन्हाने मला खाज सुटली. मग तीन वीकांत जुने शोधनिबंध वाचण्यात गेले. पहिल्यांदाच वगैरे काही नाही. हा प्रयोग होऊन पस्तीसएक वर्षं झाली. तोही नीट मोजून मापून, आणि ज्या काळात घरात संगणक असणं हीच बातमी होती त्या काळात.

आधी थोडी पार्श्वभूमी. म्हातारपणी माणूस विसरायला लागला तर त्याला आजार म्हणायची पद्धत तशी नवीनच आहे. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे व्हायचे, अगदीच झालं तर 'म्हातारचळ'. अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. अलोइस अल्झायमरने आपल्या रुग्णाचं वर्णन १९०६ मध्येच केलं होतं, पण पुढची कित्येक वर्षं ते नाव फक्त साठीच्या आत विसरायला लागलेल्यांसाठी राखीव होतं. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने एक छोटंसं संपादकीय लिहिलं. मुद्दा साधा होता. म्हाताऱ्यांचा तो 'चळ' आणि अल्झायमरचा आजार हे एकच आहेत. त्या एका वाक्यासरशी दुर्मिळ आजार एकदम घरोघरचा झाला. १९८० मध्ये तिकडची अल्झायमर असोसिएशन निघाली. १९८१ मध्ये नॅन्सी मेस आणि पीटर रेबिन्स यांचं 'द थर्टी सिक्स अवर डे' हे करणाऱ्यांसाठीचं पुस्तक आलं. दिवस छत्तीस तासांचा! ज्याच्या घरी असं माणूस आहे त्याला ते नाव समजावून सांगावं लागत नाही.

त्याच वर्षी रिटा हेवर्थला हा आजार असल्याचं जगाला कळलं. चाळिशीच्या दशकातली हॉलिवूडची सौंदर्यसम्राज्ञी, संवाद विसरायची म्हणून दारुडी ठरवली गेलेली. तिचं सगळं केलं ते तिच्या मुलीने, यास्मिन आगा खानने. पुणेकरांसाठी अवांतर: आपल्या नगर रोडवरचा आगाखान पॅलेस ज्यांनी १८९२ मध्ये बांधला, त्यांची ही नात. असो.

आता जाऊ क्लीव्हलँडला. ओहायो राज्य, एरी सरोवराचा काठ, पोलादाचे बंद पडत चाललेले कारखाने. तिथल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात टॉम ग्रंडनर नावाचा एक खटपट्या माणूस होता. १९८४ मध्ये त्याने एक संगणक फोन लाईनला जोडला आणि त्याला नाव दिलं 'सेंट सिलिकॉन्स हॉस्पिटल'. कोणीही मोडेमवरून फोन लावायचा, आरोग्याबद्दलचा प्रश्न टाईप करायचा, आणि खरा डॉक्टर उत्तर लिहून ठेवायचा. हे इतकं चाललं की १९८६ मध्ये त्याचं 'क्लीव्हलँड फ्री-नेट' झालं. अख्ख्या शहरासाठी फुकट नेटवर्क. त्याचा मेनू एखाद्या गावासारखा रचलेला होता. पोस्ट ऑफिस, चौक, कोर्ट, शाळा, दवाखाना, अशा 'इमारती' आणि तुम्ही आकडा दाबून आत शिरायचं. ग्राफिक्स शून्य, पण यूआय म्हणून मला हे आजही आवडतं. ज्याने आयुष्यात संगणक पाहिला नाही त्यालाही पोस्टात काय करतात ते माहीत असतंच ना.

फुकट शब्दाबद्दल एक टीप. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लोकल कॉलला मीटर नव्हता, महिन्याचं ठराविक भाडं भरलं की कितीही वेळ बोला. म्हणून हे शक्य झालं. आपल्याकडे तेव्हा लोक फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसले होते, आणि आलाच फोन तर त्याला कुलूप लावून ठेवायचे. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमचं इंटरनेट उगवलं १५ ऑगस्ट १९९५ ला.

याच विद्यापीठात पॅट्रिशिया फ्लॅटली ब्रेनन शिकवत होत्या. बाई मूळच्या नर्स, मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा अनुभव असलेल्या. पण नुसत्या नर्स नाहीत. १९८६ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिनमधून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केली होती. हे मिश्रण मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्यासारखा इंजिनिअर आजाराकडे बघतो तेव्हा त्याला रुग्ण दिसतो, म्हणजे सेन्सर कुठे लावायचा ते दिसतं. नर्सला रुग्णाच्या शेजारची खुर्ची दिसते आणि त्यात बसून पेंगणारी बायको दिसते. ब्रेनन, शर्ली मूर आणि कॅथलीन स्माईथ या तिघींनी त्या खुर्चीतल्या माणसासाठी नेटवर्क बांधायचं ठरवलं. पैसे दिले अमेरिकन सरकारच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगने. प्रकल्पाचं नाव कॉम्प्युटरलिंक. एड्सच्या रुग्णांसाठीही त्यांनी असंच एक भावंड-नेटवर्क चालवलं.

१९९० च्या आसपासची गोष्ट. अल्झायमरच्या रुग्णाचं घरी करणारी १०२ माणसं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला शिकवणी आणि नेहमीची मदत. दुसऱ्या गटाच्या घरात वाईस कंपनीचं टर्मिनल आणि १२०० बॉडचा मोडेम आणून ठेवला, वर्षभरासाठी. यातले कित्येक साठीच्या घरातले. टाईपरायटर सोडून कशाला बोट न लावलेले. त्यांना घरी जाऊन शिकवलं.

आता १२०० बॉड म्हणजे काय ते आपण आपल्या भाषेत बघू. सेकंदाला साधारण १२० अक्षरं. ८० बाय २४ चा पूर्ण स्क्रीन म्हणजे १९२० अक्षरं, म्हणजे एक पान वरून खाली रंगायला १६ सेकंद. काका रोज सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर पाठवतात तो गुलाबाचा फोटो १०० केबीचा धरला, तर तो उतरायला १४ मिनिटं लागली असती. आणि आता गंमत बघा. कॉम्प्युटरलिंकवर माणूस एका वेळी सरासरी साधारण १३ मिनिटं असायचा. म्हणजे ज्या वेळात गुलाबसुद्धा पूर्ण फुलला नसता, तेवढ्या वेळात ही माणसं वाचून, लिहून, लॉगआऊट होऊन परत उशाशी जाऊन बसायची. वर्षभरात असं सरासरी ऐंशीएक वेळा.

नेटवर्कवर तीन दालनं होती. पहिलं ज्ञानकोश. आजार, औषधं, आंघोळीच्या वेळी चिडचिड झाली तर काय करावं, शहरात मदत कुठे मिळते, वगैरे. दुसरं निर्णयाला मदत करणारं. हे ब्रेननबाईंचं लाडकं असावं, कारण त्यात त्यांचं इंजिनिअरिंग होतं. तुमच्यापुढचे पर्याय तुमच्याच शब्दांत लिहा, तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते लिहा, कशाला किती वजन ते सांगा, आणि यंत्र गणित मांडून दाखवेल की तुमच्याच म्हणण्याप्रमाणे कुठला पर्याय वर येतो. आईला वृद्धाश्रमात ठेवायचं की घरी बाई लावायची, असले प्रश्न. यंत्र उत्तर देत नव्हतं, फक्त तुमचं मन तुमच्यासमोर टेबलात मांडत होतं. तिसरं दालन गप्पांचं. खाजगी टपाल, नर्सला नाव न सांगता विचारायचे प्रश्न, आणि सगळ्यांनी मिळून लिहायचा एक फळा.

कुठलं दालन सर्वात जास्त चाललं असेल? बरोब्बर. फळा.

ज्ञानकोश बिचारा किती मेहनतीने लिहिला असेल, निर्णयाचं मॉड्यूल तर त्या काळाच्या मानाने चक्क अत्याधुनिक. पण लोक आत शिरायचे ते मुख्यतः एकमेकांचं वाचायला. चोवीस तास उघडं, हा त्याचा मोठा गुण. सपोर्ट ग्रुपची बैठक महिन्यातल्या कुठल्यातरी मंगळवारी संध्याकाळी असते, आणि त्या मंगळवारी नवऱ्याला कोणाकडे सोडून जायचं हा प्रश्न असतोच. टर्मिनल शेजारच्या खोलीत होतं. रात्री दोनला लिहिलं तरी चालायचं, उत्तर सकाळी आलं तरी चालायचं. 'असिंक्रोनस' हा शब्द आपण मीटिंग टाळण्यासाठी वापरतो. त्या बायकांसाठी तो घराबाहेर पडण्याचा एकमेव मार्ग होता.

इथे थोडं घरचं सांगतो. माझी आजी सांगलीला आत्याकडे असते. संध्याकाळी दिवे लागले की तिला घरी जायचं असतं. घरीच असते, पण तिला घरी जायचं असतं. पिशवी भरते, चपला शोधते. सुरुवातीला आत्या समजावून सांगायची, "आई, हेच घर आपलं, बघ ना, हा तुझा पलंग." आजी रडायची, आत्याही रडायची. मग कुणीतरी, तीही अशीच करणारी एक बाई, आत्याला फोनवर म्हणाली, "अहो, नाही म्हणू नका. हो म्हणा, चहा घेऊन निघू म्हणा." आता आत्या रोज म्हणते, "हो गं आई, चहा घेऊ आणि निघू." चहा होईपर्यंत आजी निघायचं विसरते. डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं. एमआरआयच्या रिपोर्टात हे नव्हतं. ही असली माहिती फळ्यावरच असते, आणि ती लिहिणारा माणूस स्वतः त्यातून गेलेला असावा लागतो. म्हणून फळा जिंकला याचं मला अजिबात नवल वाटलं नाही.

आता निकाल. १९९५ मध्ये 'नर्सिंग रिसर्च'मध्ये छापून आला आणि तो वाचताना माझ्यातला मॅनेजर आधी हिरमुसला. काय हललं? निर्णय घेण्यातला आत्मविश्वास वाढला. काय हललं नाही? निर्णय घेण्याचं कौशल्य तेवढंच राहिलं. एकटेपण, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेही दोन्ही गटांत सारखंच. तब्येतीतही फरक नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर चार केपीआयपैकी एक हिरवा.

त्रयस्थपणे बघणारा म्हणेल की हे तर वाईटच झालं. कौशल्य न वाढता आत्मविश्वास वाढणं म्हणजे इंटरव्ह्यूला येणारी निम्मी जनता. मला तसं वाटत नाही. आईला आश्रमात ठेवू की नको, याला बरोबर उत्तर असतं असं आपण धरून चालतो. नसतं. दोन्ही उत्तरं वाईट असतात. माणसाला खातो तो निर्णय नव्हे, निर्णयानंतरच्या रात्री खातात. 'मी घाई तर नाही ना केली', 'लोक काय म्हणतील', 'तिने माझं केलं असतं ना'. हे चक्र थोडंसं जरी थांबलं तरी माझ्या लेखी ते मोजण्यासारखं आहे, आणि या बायांनी ते मोजायचं ठरवलं होतं हेच विशेष. अपराधीपणाची भावना आपल्या डॅशबोर्डवर कुठे असते?

पण त्याहून बोचरा निकाल १९९८ मध्ये आला. डेव्हिड बास, ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी तोच विदा पुन्हा पिंजून काढला आणि वेगळा प्रश्न विचारला. सरासरीत नाही, पण *कोणाचा* ताण कमी झाला? उत्तर असं की ज्यांच्याभोवती आधीच नातेवाईक, मित्र असा गोतावळा होता, जे नवरा किंवा बायको होते, जे रुग्णाबरोबर घरात एकटे नव्हते, त्यांचा काही प्रकारचा ताण उतरला. सुरुवातीला जास्त पिचलेले होते त्यांनाही फळा आणि टपाल जास्त वापरल्याचा फायदा झाला. रुग्णाबरोबर एकट्याच राहणाऱ्या माणसाला गप्पांपेक्षा ज्ञानकोश उपयोगी पडला.

हे दोनदा वाचा. ज्याला माणसं आहेत त्याला यंत्राने जास्त दिलं. का, ते आत्याकडे दोन दिवस राहिलं की कळतं. तेरा मिनिटं टर्मिनलसमोर बसायला तेरा मिनिटं दुसऱ्या कोणीतरी आजीपाशी बसावं लागतं. ते 'दुसरं कोणीतरी' नसेल तर जगातलं सर्वोत्तम ॲपही कपाटातल्या मिक्सरसारखं पडून राहतं.

कॉम्प्युटरलिंकचं पुढे काय झालं? प्रकल्प होता, तो संपला. फ्री-नेटवर अल्झायमरच्या घरांसाठी सर्वांना खुला असा एक वेगळा विभागही होता, विद्यापीठाच्याच लोकांनी चालवलेला. पण मग अख्खं फ्री-नेटच १९९९ च्या सप्टेंबरअखेर बंद झालं. विद्यापीठाने दिलेलं कारण ऐकाल तर हसाल की रडाल सांगता येत नाही. वायटूके! सिस्टिम २००० सालासाठी तयार नाही, आणि ती तयार करणं परवडत नाही. म्हणजे ज्या वर्षी आपले सीनियर लोक बॅगा भरून अमेरिकेत दोन आकडी सालाचे चार आकडी करायला चालले होते, आपल्या धंद्याचा पायाच ज्यावर घातला गेला, त्याच दोन आकड्यांनी क्लीव्हलँडचं ते फुकट गाव उठवलं. अर्थात तोवर वेब आलं होतं, लोक पांगले होते, त्यामुळे नुसत्या वायटूकेवर खापर फोडणं मला पटत नाही. पण प्रकल्पाला शेवटची तारीख असते आणि 'करण्या'ला नसते, हा घोळ तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

क्लीव्हलँडमध्ये जे अर्धवट दिसलं ते पुढच्या दशकात दुसऱ्यांनी तपासलं. १९९५ पासून अमेरिकन सरकारने 'रीच' नावाचा मोठा उपक्रम सहा शहरांत चालवला. बॉस्टनमध्ये तर स्क्रीनसुद्धा नव्हता, नुसता फोन. तुम्ही नंबर फिरवायचा आणि संगणकाचा आवाज तुमच्याशी बोलायचा, आज किती ताण आहे विचारायचा, उपाय सुचवायचा. त्यातली एक सोय मला विलक्षण वाटली. रुग्ण फार अस्वस्थ झाला की फोन त्याच्याच हातात द्यायचा, आणि पलीकडचा आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज काही मिनिटं त्याच्याशी गप्पा मारायचा. तेवढ्यात करणाऱ्याने भात लावून घ्यावा. निकाल २००३ चा. सगळ्यांना मिळून फायदा दिसला नाही. पण 'हे माझ्या हाताबाहेर गेलंय' असं ज्यांना सुरुवातीला सर्वात जास्त वाटत होतं, त्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं.

मायामीत वेगळं केलं. तिथे क्यूबातून आलेली आणि गोरी अमेरिकन अशी दोन्ही प्रकारची कुटुंबं होती. एका गटाला कौटुंबिक समुपदेशन, दुसऱ्याला समुपदेशन *आणि* घरात एक पडदेवाला फोन, ज्यावरून पाच-सहा नातेवाईक एकत्र बोलू शकतील आणि समुपदेशकही त्यात येऊ शकेल. सहा महिन्यांनी नैराश्य लक्षणीय उतरलं ते दोन्ही मिळालेल्या गटात. म्हणजे फोन कामाचा ठरला, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला लांबचा भाऊ होता आणि भावाला बोलतं करणारा कोणीतरी होता. न्यू जर्सी किंवा बंगळुरूहून "कॅमेरा बसवून घेऊ का घरात?" विचारणाऱ्या भावांनी हे जरा वाचावं असं मला वाटतं. कॅमेऱ्यातून आई दिसते. बहीण दिसते का?

कॅमेरे, लोकेशन ही दुसरी शाखा, रुग्णावर नजर ठेवणारी. तिच्यावर पैसा जास्त लागला, कारण ती विकायला सोपी. तिला मी नावं ठेवत नाही. जपानमध्ये डिमेन्शिया असलेली १९ हजारांहून अधिक माणसं २०२३ या एका वर्षात हरवल्याची पोलिसांत नोंद आहे, तिथे हे चैन म्हणून करत नाहीत. टोकियोजवळच्या इरुमा गावाने २०१६ मध्ये नखांवर चिकटवायचे एक सेंटिमीटरचे क्यूआर स्टिकर काढले. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, आणि आजोबा घड्याळ काढून फेकतात तसं नख काढून फेकत नाहीत. मला हे डिझाईन फार आवडलं. पण तेही चालतं ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने थांबून स्कॅन केलं तरच.

आता आपल्याकडे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. प्रत्येकामागे निदान एक 'करणारी' धरा. यातली बहुसंख्य घरं डॉक्टरकडे या कारणासाठी गेलेलीच नाहीत.

आणि आपल्याकडचा जो प्रयोग मला क्लीव्हलँडच्या तोडीचा वाटतो, त्यात संगणक नाही. तो झाला गोव्यात. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं घेतली. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, बारावीपर्यंत शिकलेल्या, आठवडाभर प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या पंधरा दिवसांतून निदान एकदा घरी जायच्या, सहा महिने. आजार समजावून सांगायच्या, चिडण्या-भटकण्याचं काय करायचं ते दाखवायच्या, नातेवाईकांना आळीपाळीने हात लावायला सांगायच्या, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवायच्या. २००८ मध्ये निकाल आला. करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याने होणारा त्रासही कमी झाला. ज्ञानकोश, निर्णयाला मदत, फळा, तिन्ही दालनं एका बाईच्या पर्समध्ये. फक्त अडचण तीच जी आपल्या धंद्याला नेहमी छळते. स्केल कसं करायचं? ८१ घरांना जमलं, ८८ लाखांना इतक्या बाया आणायच्या कुठून?

म्हणून पुन्हा पडद्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेने 'आय-सपोर्ट' नावाचा ऑनलाईन अभ्यासक्रम बनवला. पाच भाग, २३ पाठ. आजार म्हणजे काय, करणारा होणं म्हणजे काय, स्वतःची काळजी, रोजचं करणं, आणि बदललेलं वागणं. जगात सुरुवातीची मोठी चाचणी भारतातच झाली, बंगळुरूच्या निम्हान्सच्या लोकांनी केली. अभ्यासक्रम चांगला आहे, मी स्वतः बसून पाठ केले. उदाहरणं घरगुती आहेत, प्रत्येक पाठाला छोटे प्रश्न आहेत. फळा मात्र नाही. तुम्ही, पडदा आणि पाठ. हल्ली यावर कोणी चॅटबॉट बसवेल, तो रात्री दोनला उत्तर देईल, न कंटाळता देईल, आणि 'चहा घेऊन निघू म्हणा' हेही सुचवेल. ते आत्याच्या त्या फोनवरच्या बाईने सांगण्याइतकं लागू पडेल की नाही ते कोणीतरी १०२ माणसांवर वर्षभर मोजायला हवं, डेमोत ते कळत नाही.

निम्हान्सच्या चाचणीचा निकाल २०२१ चा आहे. १५१ जण सामील झाले, तीन महिन्यांनंतर शेवटची मोजणी द्यायला उरले ५५. ओझं कमी झालेलं दिसलं नाही, नैराश्यही नाही. समोरच्या माणसाकडे नुसता आजार म्हणून न बघता माणूस म्हणून बघण्याच्या वृत्तीची एक मोजपट्टी होती. त्यात मात्र आय-सपोर्ट घेतलेल्यांचा आकडा हलला.